घरच्या जेवणासोबत दारू पोचवता येते का? विदर्भातल्या गावासाठी परवान्यांची सरळ वाट

ताडोबा, पेंच, मेळघाट, नागझिरा. या जंगलांच्या वेशीवरच्या गावांत आता घरोघरी जेवण करून देणाऱ्या बाया आहेत. पाटोडीची भाजी, सांबारवडी, झुणका-भाकर, सावजी रस्सा असं घरात रांधायचं आणि रिसॉर्टवर किंवा होमस्टेवर पोचवायचं. धंदा जरा बसला की एक फोन हमखास येतो. जिप्सीवाला पोरगा विचारतो, "ताई, जेवणासंगं दोन बिअर भेटतीन का? पाहुणे पैसे वरून देतात."

बचत गटांचे अर्ज भरून देताना हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. विचारणाऱ्या बाईच्या मनात काही वाईट नसतं. चार पैसे जास्त मिळतील, रीतसर परवाना काढून करू, एवढंच तिचं म्हणणं असतं. म्हणून उत्तर आधीच सांगते: घरच्या स्वयंपाकघराच्या नावावर दारू विकायचा किंवा घरपोच द्यायचा परवाना महाराष्ट्रात मिळत नाही. कोणी "मी काढून देतो, एवढे लागतील" म्हणत असेल, तर त्याला पैसे देऊ नका. मात्र जेवणाच्या धंद्याचे कागद सोपे आहेत, स्वस्त आहेत आणि ते हातात असले तर धंदा वाढतो. दारूचा धंदा खरंच करायचा असेल तर त्याची वाट वेगळी आहे. दोन्ही वाटा खाली सविस्तर सांगते.

दोन खाती, दोन कायदे

जेवणाचा कायदा म्हणजे अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006. तो राबवते अन्न व औषध प्रशासन. या कायद्याचा रोख असा, की धंदा करा, पण नोंद करा आणि स्वच्छता पाळा. दारूचा कायदा म्हणजे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949. तो राबवते राज्य उत्पादन शुल्क विभाग. हा उलट्या बाजूने चालतो. यात सगळं मुळात बंद आहे आणि परवाना म्हणजे त्या बंदीतून दिलेली सूट. दारू बनवणे, विकणे, बाळगणे, वाहून नेणे, पिणे, प्रत्येकाला परवानगी लागते. आपल्याकडे पिणाऱ्यालाही परवाना घ्यावा लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा असतो.

गोंधळ होतो तो इथे. अन्न नोंदणीच्या फॉसकॉस पोर्टलवर खाद्यप्रकारांची मोठी यादी आहे. चौदावा प्रकार पेयांचा, आणि त्यातच 14.2 वर मद्ययुक्त पेये आहेत. ते पाहून एखाद्याला वाटतं, यावर टिक केली की झालं. तसं नाही. अन्न कायद्याच्या नजरेत मद्य हेही एक खाद्य आहे, म्हणून ते यादीत आहे. बिअर शॉपीवाल्यालाही अन्न परवाना काढावा लागतो, पण त्याच्याकडे उत्पादन शुल्काचा परवाना वेगळा असतो. नुसत्या त्या टिकेने तुम्हाला एक बाटलीही विकता येत नाही. उलट तुमच्या घरगुती नोंदणीत नको ती नोंद होऊन बसते. ती टिक करू नका आणि सेवा केंद्रातल्या पोराने केली नाही ना, तेही पाहा.

पहिलं काम: आपला जिल्हा आणि आपलं गाव

वर्धा जिल्ह्यात गांधीजींच्या वास्तव्यामुळे 1970च्या दशकापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनातून 1993 साली बंदी आली. डॉ. अभय आणि राणी बंग यांचं काम त्यामागे होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. चंद्रपुरात 1 एप्रिल 2015 पासून बंदी होती, ती राज्य मंत्रिमंडळाने मे 2021 मध्ये उठवली. म्हणून ताडोब्याच्या मोहर्ली गेटजवळ बिअर बार दिसला तरी शेजारच्या गडचिरोलीत तेच चालेल असं धरू नका. वर्ध्याच्या हद्दीत तर विषयच संपतो. हद्दीवर राहणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. नागपूर जिल्ह्यात रीतसर विकत घेतलेली बाटली वर्धा जिल्ह्यात कोणाला पोचवली, तर बिल दाखवून सुटका होत नाही.

जिल्ह्यात बंदी नसली तरी गावात असू शकते. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घेतात. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रं असतात. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद. तुमच्या गावात असं मतदान झालं आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारा.

पेसाची गावं वेगळी. मेळघाटातले धारणी आणि चिखलदरा तालुके, गडचिरोलीचा बराच भाग, यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतली काही गावं अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात येतात. तिथे 1996च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांवर बंदी घालायचा, त्यांच्या विक्रीला आळा घालायचा अधिकार ग्रामसभेकडे ठेवला आहे. अशा गावात ग्रामसभेला न विचारता या विषयात एक पाऊलही टाकू नये. हे मी फक्त कायद्यासाठी म्हणत नाही. दारूपायी घरं कशी बसतात हे त्या बायांनी पाहिलेलं असतं, आणि उद्या तुमच्याकडे कामाला, भाकरी थापायला त्याच येणार असतात.

दुसरं काम: जेवणाची नोंदणी

हा कागद दारूचा विचार करणाऱ्याने काढावा आणि न करणाऱ्यानेही. 2011च्या नियमावलीने छोट्या धंद्यासाठी वर्षाच्या 12 लाखांच्या उलाढालीची मर्यादा ठेवली. त्याच्या आत असाल तर फक्त नोंदणी, वर गेलात तर राज्य परवाना. अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवर ही मर्यादा आणि शुल्क पुन्हा पाहून घ्या, हे आकडे सरकार बदलत असतं.

उलाढाल म्हणजे नफा नव्हे, एकूण विक्री. रोजचे 40 डबे, एक डबा 80 रुपयांना, तर दिवसाचे 3,200, महिन्याचे 96,000 आणि वर्षाचे साडेअकरा लाख होतात. हातात उरतात ते त्याहून कितीतरी कमी, पण मोजतात हेच. म्हणून चाळीस डब्यांच्या पुढे जाणाऱ्याने हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी.

अर्ज फॉसकॉसवर ऑनलाइन होतो. स्वतः मोबाइलवरून करता येतो, नाहीतर आपले सरकार सेवा केंद्रात. फोटो आणि ओळखपत्र लागतं. आधारवरचा पत्ता वेगळा असेल तर जागेचा पुरावा लागतो. लग्न होऊन आलेल्या बायकांचं आधार बरेचदा माहेरच्या पत्त्यावर असतं आणि तिथेच अर्ज अडकतो. अशा वेळी ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घराचा उतारा) आणि महावितरणचं वीजबिल काढून ठेवा. घर सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असेल तर त्यांचं साध्या कागदावर संमतिपत्र जोडा. धंद्याचं नाव मात्र बाईच्या स्वतःच्या नावावर टाका. स्वयंपाक तिचा, जबाबदारी तिची, तर कागदही तिचाच असावा, असं मी प्रत्येकीला बजावते. उद्या कर्ज काढताना हाच कागद कामाला येतो.

2011च्या नियमावलीत नोंदणीचं शुल्क वर्षाला 100 रुपये आहे. सेवा केंद्रवाला भरण्याचे म्हणून वेगळे घेतो, ते आधी ठरवून घ्या. अर्ज गेला की सात दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यायची, नाकारायची किंवा तपासणीची सूचना द्यायची असते. मंजूर झालं की 14 अंकी क्रमांक मिळतो. नोंदणीचा क्रमांक 2ने सुरू होतो, परवान्याचा 1ने. प्रमाणपत्राची प्रत भिंतीवर लावा आणि क्रमांक बिलावर छापा. बिलावर तो टाकणं 2022च्या जानेवारीपासून सक्तीचं आहे.

तपासणीला कोणी आलंच तर काय बघतात? पाणी कुठून आणता आणि कशात साठवता, पीठ-तेल झाकलेलं आहे का, गोठा आणि सांडपाणी स्वयंपाकघरापासून किती दूर आहे, रांधणारीची नखं, डोक्याला कपडा, अंगावर फोड-जखम नाही ना. यातलं काहीच महाग नाही. गावात खरी अडचण गोठ्याची असते. उन्हाळ्यात बैल सावलीला म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीलगत बांधतात, माशा तिथूनच येतात. दाराला आणि खिडकीला जाळी लावा, जमलं तर रांधायची खोली वेगळी करा. आणि गॅस! घरगुती सिलिंडरवर धंदा करता येत नाही, 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. तो महाग पडतो हे खरं, पण डब्याचा भाव ठरवताना तो धरूनच ठरवा.

तिसरं काम: पाहुण्याने बाटली मागितली तर

इथे नेमकं काय चुकतं ते जवळून पाहू. पाहुणे म्हणतात, "तुम्ही विकू नका, फक्त तालुक्याहून आणून द्या." मुलगा वाइन शॉपमधून दोन बाटल्या घेतो, स्कूटीच्या डिक्कीत टाकतो, डब्यासोबत रिसॉर्टवर देतो. डबा 300, बाटल्या 400, वर आणण्याचे 100. पैसे फोनपेवर येतात आणि पाहुणा शेराही लिहितो, "जेवण + बिअर 2". रस्त्यात नाकाबंदीला डिक्की उघडली तर या सगळ्याला विनापरवाना वाहतूक आणि विक्रीचं रूप येतं. बातम्यांत दारूबंदी कायद्याचं जे "कलम 65 (ई)" वाचतो, ते हेच. कलम 98 खाली गाडीही जप्त होऊ शकते. फोनपेचा शेरा हा तुमच्याच हातचा पुरावा होतो. शंभर रुपयांसाठी पोराच्या नावावर गुन्हा बसावा, हे मला बघवत नाही. पुढे पोलीस भरतीत किंवा नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो गुन्हा निघतो.

दुसरी गोष्ट अंगणाची. पाहुणे आपली बाटली घेऊन येतात आणि तुमच्या अंगणात, तुमच्या खाटेवर जेवता जेवता पितात. तुम्ही एक थेंबही विकला नाही, तरी पैसे घेऊन जेवण देण्याच्या जागेवर पिऊ दिलं तर कलम 68 लागू शकतं आणि पिणाऱ्याला कलम 84. ढाब्यांवरच्या धाडींत हीच दोन कलमं असतात. होमस्टे चालवत असाल तर मुक्कामाची खोली आणि जेवणाची जागा वेगळी ठेवा, आणि जेवणाच्या जागेवर मद्यपानाला मनाई असल्याची पाटी मराठी-हिंदीत लावा. पाटी लावली की बोलायची वेळच येत नाही.

फोनवर काय बोलायचं तेही ठरवून ठेवा. आमच्याकडच्या एकीचं उत्तर मला फार आवडतं: "भाऊ, आमच्या घरून फक्त जेवण भेटते. बाटली आम्ही आणत नाही, ठेवतबी नाही. पण ठेचा असा देतो का तुमी उद्या पुन्हा फोन करसान." पाहुणा रागावत नाही. व्हॉट्सअॅप स्टेटसवर जेवणाच्या फोटोत बाटली किंवा ग्लास दिसू देऊ नका. मद्य देऊ करणारी किंवा त्याच्या वापराला बोलावणारी जाहिरात कलम 24 मध्ये येते.

लग्न, साक्षगंध, शेतावरची पार्टी

केटरिंगच्या ऑर्डरीत मद्य असेल तर परवाना काढायचा कोणी? ज्याच्या घरचा कार्यक्रम त्याने. राज्य उत्पादन शुल्क विभाग एका दिवसाचा तात्पुरता परवाना देतो, त्यासाठी यजमान अर्ज करतो आणि माल परवानाधारक दुकानातून बिलावर घेतो. बंदी असलेल्या जिल्ह्यांत हा विषय नाही. तुम्ही फक्त जेवणाचं बघायचं. ऑर्डर घेताना एका कागदावर लिहून सही घ्या: "मद्याची व्यवस्था, परवाना आणि जबाबदारी यजमानाची. आमच्याकडे फक्त जेवण." तुमचे वाढपी पेले भरणार नाहीत, हेही त्यात लिहा. बहुतेक वाढपी गावातली कॉलेजची पोरं असतात, त्यांना त्या टेबलापासून लांबच ठेवा.

दारूचाच धंदा करायचा असेल तर

कोणाला तो करायचा असेल तर मी अडवणारी कोण? पण तो घरातून होत नाही, आणि जेवणाच्या धंद्याला जोडूनही होत नाही. त्याला जागा, भांडवल आणि बरीच वाट पाहायची तयारी लागते.

परमिट रूमला एफएल-3 परवाना लागतो. त्यासाठी रीतसर बांधकाम परवानगी असलेलं हॉटेल, त्याचा अन्न परवाना, जागेचा नकाशा आणि पोलिसांचा अहवाल लागतो. अर्ज जिल्ह्याच्या उत्पादन शुल्क अधीक्षकांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. फी गावाच्या लोकसंख्येवर ठरते. शाळा आणि देवळापासूनचं अंतर मोजतात. महामार्गाचा मुद्दा आणखी वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. मग मार्च 2017 मध्ये 20,000 पर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी हे अंतर 220 मीटरवर आणलं, आणि नंतरच्या आदेशांत आणखी काही सवलती आल्या. आपली गावं रस्त्यालगतच वसलेली, म्हणून जागा घेण्याआधी, इसार देण्याआधी, उत्पादन शुल्क कार्यालयात जाऊन जागा चालेल का ते विचारा. जागा आधी घेऊन मग अर्ज करणारे यात बुडतात.

एवढं करूनही परमिट रूम ही बसून पिण्याची जागा आहे. त्या परवान्याने घरपोच सेवा सुरू होते असं नाही. सीलबंद बाटली विकायची तर वाइन शॉपचा एफएल-2 किंवा बिअर शॉपीचा परवाना लागतो. वाइन शॉप आणि देशी दारूच्या दुकानांचे नवे परवाने 1970च्या दशकापासून थांबले होते, म्हणून जुने परवाने मोठ्या रकमांना हात बदलतात. दलाल याच गोष्टीचा फायदा घेतात. बिअर शॉपीलाही रस्त्यावरचा स्वतंत्र गाळा लागतो.

मग "2020 मध्ये घरपोच दारू चालू झाली होती ना?" असं विचारतात. झाली होती. मे 2020 मध्ये, टाळेबंदीच्या काळात, दुकानांपुढची गर्दी टाळायला सरकारने ती सोय केली. पण ती होती आधीपासून परवाना असलेल्या दुकानांना, आणि पिण्याचा परवाना असलेल्या ग्राहकाकरता. देशी दारू त्यात नव्हती, बंदी असलेले जिल्हेही नव्हते. डबेवाल्यांना, खानावळींना त्यात कधीच जागा नव्हती.

मोहाचं काय?

माझ्या मते या सगळ्या धडपडीत जे खरं हाती लागण्यासारखं आहे ते इथे आहे. पाहुण्याला जंगलातली, या मातीतली चव हवी असते. त्याला बिअर शहरातही मिळते. मोहाच्या फुलांची चव मिळत नाही. मोहाचे लाडू, मोह घालून केलेली चिक्की, मोहाचा जॅम, हे घरगुती अन्न नोंदणीवर विकता येतं, डब्यासोबत पोचवताही येतं, आणि वर्ध्या-गडचिरोलीतही चालतं.

मोहफुलं गोळा करायला, साठवायला आणि न्यायला पूर्वी दारूबंदी कायद्याखाली फार निर्बंध होते. राज्य सरकारने 2021 मध्ये ते शिथिल केले. तरी पोलिसांच्या मनात मोह म्हटलं की दारूच येते, म्हणून काम अशा रीतीने करा की बघणाऱ्याला शंका यायला नको. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं पडतात. झाडाखालचा पाला जाळून जागा मोकळी करायची सवय सोडा, त्यात जंगलाला आग लागते आणि फुलाला राख लागते. झाडाखाली जुनी साडी किंवा जाळी बांधा, फुलं त्यावरच पडू द्या. मग आतले केसर काढून, उंच मांडवावर पातळ पसरून कडक वाळवा. नीट वाळलेलं फूल मनुकेसारखं लालसर-तपकिरी होतं, मुठीत दाबलं तर चिकटून गोळा होत नाही. ओल राहिली तर काही दिवसांत आंबूस वास येतो. तो माल खाण्याच्या कामाला घेऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं: भिजवलेली फुलं ड्रममध्ये कधीही ठेवू नका. मोह, पाणी आणि ड्रम एकत्र दिसले की पंचनाम्यात "मोहफुलांचा सडवा", म्हणजे दारूसाठी आंबवलेला मोह, असं लिहिलं जातं, मग तुम्ही कितीही सांगा की लाडवासाठी होता. लागेल तेवढीच फुलं धुवा, लगेच वाफवा, त्याच दिवशी वापरा. सरबत केलं तर उकळून, गार करून त्याच दिवशी संपवा. विदर्भाच्या उन्हात दुसऱ्या दिवशी ते फसफसायला लागतं, आणि मग तुमचं सरबत दुसऱ्याच कायद्यात जातं. वाळलेला माल कोरड्या डब्यात किंवा पोत्यात ठेवा, त्यावर तारीख आणि वजन लिहा, कोणाकडून घेतला त्याची पावती जपा.

पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक, वजन, बनवल्याची आणि वापरायची शेवटची तारीख, बॅच, पत्ता, शाकाहाराचं हिरवं चिन्ह आणि 14 अंकी क्रमांक हवा. "मोह" हा शब्द मोठ्या अक्षरात छापाच, तोच विकला जाणार आहे. त्याखाली बारीक अक्षरात "मद्यविरहित" लिहा, म्हणजे रिसॉर्टच्या मॅनेजरलाही घ्यायला धाकधूक नको.

एवढं वाचूनही आपल्या गावाबद्दल शंका उरली असेल तर जिल्हा उत्पादन शुल्क अधीक्षकांना साध्या कागदावर अर्ज लिहा. काय विकता, कुठे विकता, पाहुणे कुठे जेवतात आणि कुठे थांबतात, हे खरंखरं लिहून विचारा की यात कोणती परवानगी लागते. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून पोच घ्या आणि ती अन्न नोंदणीच्या फाइलीत लावा.